सेलेनियम प्रदूषण : खामगाव–शेगाव परिसर

सेलेनियम हे मूलद्रव्य बर्झेलियस यांनी 1817 मध्ये शोधले. प्रौढ माणसाला ते दिवसाला सुमारे 55 मायक्रोग्रॅम लागते; सुरक्षित मर्यादा 400 मायक्रोग्रॅमची आहे.

डिसेंबर 2024 च्या अखेरीस खामगावलगतच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील लोकांच्या टाळूला खाज सुटू लागली. नुसता हात फिरवला तरी केसांचा झुपका हाती येई आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. कॉलेजात जाणाऱ्या मुलींवर हा घाला सर्वांत कठोर होता. 18 गावांतील 279 जण बाधित झाले. पूर्णाकाठचा हा खारपाणपट्टा, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र रेशनचा, इकडच्या बोलीत कंट्रोलचा, गहू तपासून घेतला. त्यात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. गहू धुतल्यावरही 13.61 उरले. म्हणजे विष दाण्यावर नव्हते, दाण्यात होते. अशा 300 ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या, तर मर्यादेच्या दहापट सेलेनियम पोटात जाते. हा गहू पंजाब-हरियाणातून आल्याचे बावस्करांचे म्हणणे आहे.

पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातील काही शेतांत शिवालिकमधून वाहून आलेल्या गाळामुळे सेलेनियम साठले आहे. तिथे चाऱ्यातून ते गुरांच्या पोटात जाऊन त्यांचे केस झडतात, खूर गळतात. जिप्सम टाकल्यास त्यातील सल्फेट सेलेनियमला मुळांत शिरू देत नाही, हा तिथला जुना उपाय.

नद्यांनी जे सावकाश केले, ते खाण झपाट्याने करते. कोळशावरचा फोडलेला खडक ढिगाऱ्यात पडतो, हवा-पावसाने त्यातील सेलेनियम विरघळते, शेवाळात साठते आणि माशांच्या अंड्यांत पोचून पिल्ले व्यंग घेऊन जन्मतात. कॅनडातील एल्क खोऱ्यात अशा प्रदूषणासाठी 2021 मध्ये टेक या खाण कंपनीला 6 कोटी डॉलरचा दंड झाला. ढिगाऱ्यावर आच्छादन घालणे, स्वच्छ ओढे त्याला वळसा घालून नेणे, दूषित पाणी प्राणवायूविना जिवाणूंकडून शुद्ध करून घेणे, हे उपाय आहेत. त्यांतले पहिले दोन अधिक मोलाचे. पाण्यात मिसळलेले सेलेनियम काढणे फार महाग पडते.

भारतात पिण्याच्या पाण्यासाठी सेलेनियमची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. पाण्याप्रमाणेच सेलेनियमयुक्त पट्ट्यातला गहूही गोदामातून निघण्याआधी तपासला गेला पाहिजे.