जालना जिल्ह्यातील खतवापराचे स्थित्यंतर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
खतांचा जमिनीवरील परिणाम एका हंगामात कळत नाही. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगात शेणखत मिळालेल्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब बिनखताच्या जमिनीच्या दुपटीहून अधिक झाल्याचे आढळते. या दृष्टीने जालना जिल्ह्यातील कोरडवाहू शेतीचा इतिहास विचारात घेण्यासारखा आहे.

पार्श्वभूमी :
१ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेला हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. येथील काळ्या जमिनीची भिस्त शेणखतावर व शेतात बसविलेल्या मेंढ्यांच्या लेंडीखतावर होती. ज्वारीच्या कडब्यावर जनावरे पोसली जात आणि त्यांचे शेण उकिरड्यात कुजून पुन्हा शेतात येई. मात्र ही व्यवस्था निर्दोष नव्हती. सरपणाअभावी शेण जाळले जाते, हे व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालातच नोंदविले होते.

स्थित्यंतर :
१९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको'ची स्थापना केली. संकरित वाणांनी धान्य वाढविले, परंतु त्यांना रासायनिक खतांची जोड आवश्यक होती. ठेंगण्या ताटांमुळे कडबा घटला. पुढे कापूस व सोयाबीन यांचे क्षेत्र वाढल्याने वैरणीची अडचण अधिकच तीव्र झाली. वैरण कमी म्हणून जनावरे कमी आणि जनावरे कमी म्हणून शेणखत कमी, अशी ही साखळी होय. १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त होऊन महागली, युरिया मात्र नियंत्रित किमतीत राहिला. परिणामी वापराचा तोल नत्राकडे झुकला.

दीर्घकालीन अनुभव :
भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० मध्ये देशभर दीर्घकालीन खतप्रयोग सुरू केले. भातासह विविध पिकांच्या या प्रयोगांत केवळ नत्र दिलेल्या जमिनीची उत्पादकता कालांतराने ढासळली. संतुलित रासायनिक खतांसोबत शेणखत दिलेल्या जमिनीची टिकून राहिली.

निष्कर्ष :
यावरून 'रासायनिक की सेंद्रिय' हा वाद अपुरा ठरतो. जालन्याच्या शेतीने नवे खत स्वीकारले, ही चूक नव्हे. ते स्वीकारताना जुन्या खताचा स्रोत आटला, ही खरी हानी होय. म्हणून जमिनीच्या सुपीकतेचा विचार वैरण व पशुधन यांच्यापासून वेगळा करता येणार नाही.