राजदूतचं कुळ

दौंड-मनमाड मार्गावर ‘बेलापूर’ची पाटी पाहून गाडीतून उतरलेला माणूस पोचतो श्रीरामपुरात. खुद्द बेलापूर तिथून काही किलोमीटरवर, प्रवरेकाठी. राजदूत ३५० या मोटारसायकलचं असंच होतं. टाकीवर नाव राजदूत, आत यंत्र यामाहाचं.

राजदूत म्हटलं की खेड्यापाड्यांत आठवते ती १७५ सीसीची, दुधाचे कॅन वाहणारी फटफटी. एस्कॉर्ट्सने ती १९६० च्या दशकात पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून घेतली. ती कधी कुरकुरायची नाही, आणि कधी घाईही करायची नाही. १९८३ मध्ये त्याच नावाने आली ती यामाहाची आरडी ३५० : ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. जपानची ही १९७३ ची गाडी. तिथे १९८० मध्येच पाण्याने थंड होणारी पुढची पिढी निघाली होती. तिकडचं जुनं ते आपलं नवं! शिवाय इकडे येताना पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला आणि ३९ अश्वशक्तीची साडेतीस झाली. मायलेजच्या तक्रारींवर उपाय म्हणून इंजिन आणखी आवळलं, तेव्हा २७ अश्वशक्तीची ‘एलटी’ जन्मली. आधीची झाली ‘एचटी’. ताकद कमी करण्यामागचा हिशेब कळतो. एवढ्या पळणाऱ्या गाडीचा ब्रेक कमी करण्याची काटकसर मात्र मला आजही कळत नाही. आज हौशी लोक एचटीच शोधत फिरतात.

दूधवाली राजदूत आणि ही, दोघींचं काही नातं नाही असंच वाटतं. पण यामाहाची पहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी १२५ वरून बेतलेली. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर एसएचएलने ज्या १२५ सीसी इंजिनावर पुन्हा सुरुवात केली, तेही आरटीचीच नक्कल. म्हणजे दोघींचं मूळ एकाच गावात, सॅक्सनीतल्या त्सोपाऊमध्ये. आरटी तिथे १९३९ मध्ये हर्मान वेबरने घडवली. जर्मनी हरल्यावर तिचे आराखडे जेत्यांनी वाटून घेतले. इंग्रजांची बीएसए बॅन्टम आणि अमेरिकेची हार्ले हमर तिच्यावरूनच निघाल्या. वेबरला रशियात नेलं, १९४८ मध्ये तो तिथेच वारला.

त्सोपाऊची देणगी इथेच संपत नाही. तिथल्या एमझेड या मोटारसायकल कंपनीचा शर्यतीतला स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पूर्व जर्मनीतून निसटला आणि टू-स्ट्रोकची गुपितं घेऊन सुझुकीत गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीवर बसून तो ५० सीसीचा जगज्जेता झाला. १९८४ ची आपली इंड-सुझुकी याच घरातली.