घरगुती ध्वनिविवर्धक : रोहित्र व उष्णताशोषक
घरी जुळविलेल्या ध्वनिविवर्धकाच्या इतिहासात चिंतेचा भार रोहित्रावरून उष्णताशोषकाकडे (हीटसिंककडे) सरकलेला दिसतो. डी. टी. एन. विल्यम्सन यांनी १९४७ मध्ये वायरलेस वर्ल्ड मासिकात मांडलेल्या इलेक्ट्रॉन नलिकांच्या विवर्धकात प्रदान रोहित्र हाच सर्वांत नाजूक भाग होता. त्याची वेटोळी नीट विभागली नाहीत, तर ध्वनी विकृत होई. एच. सी. लिन यांच्या १९५६ मधील ट्रँझिस्टर मंडलात ते अनावश्यक ठरले. वीजपुरवठ्याचे रोहित्र मात्र राहिले. ते ६० हर्ट्‌झसाठी काटेकोर बेतलेले असल्यास भारतातील ५० हर्ट्‌झवर त्याच विद्युत् दाबाला अधिक तापते.

ट्रँझिस्टर उष्णतेने निकामी होतो. त्यामुळे उष्णताशोषकाची निवड स्थानिक हवेवर अवलंबून असते. निर्मात्यांची कोष्टके बहुधा २५° से. धरून केलेली असतात, तर बिडकीन (छत्रपती संभाजीनगर जिल्हा) येथे उन्हाळ्यात पारा ४०° से. ओलांडतो. आतील तापमानाची मर्यादा १००° से. असलेल्या जर्मेनियम ट्रँझिस्टरास ४०° से. हवेत ७५° ऐवजी ६०° एवढाच वाव उरतो; म्हणजे त्याच उष्णताशोषकाकडून एक-पंचमांश कमी उष्णता बाहेर पडते. २००° से. पर्यंत टिकणाऱ्या सिलिकॉनच्या २एन३०५५ मध्ये ही घट एक-दशांशाहूनही कमी असते. हौशी जुळणीत जर्मेनियम मागे पडले, त्याचे हे एक मोठे कारण होय. बंद पेटीतील हवा आणखी तापत असल्याने उष्णताशोषक पेटीबाहेर, पाती उभी ठेवून बसविणे इष्ट असते.