पहिल्या वर्षी नापास कोण होतं, आणि का?

आजचा भाग एफवायला केटी लागलेल्या सगळ्यांसाठी. गोष्ट मात्र अमेरिकेतली आहे.

१९७० च्या दशकातलं कॅलिफोर्नियाचं बर्कली विद्यापीठ. इंजिनिअर व्हायचं असो की शास्त्रज्ञ, पहिल्या वर्षी कॅल्क्युलस पास होणं भागच. आणि कृष्णवर्णीय मुलं नेमकी तिथेच अडकत होती. कॅल्क्युलसची पहिली टर्म पूर्ण करणाऱ्या त्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के जणांना डी किंवा त्याहून खालची ग्रेड मिळायची.

यूरी ट्राइसमन तेव्हा तिथे संशोधक विद्यार्थी होता. त्याने शिकवणाऱ्यांना कारण विचारलं. उत्तरं आपल्याही ओळखीची आहेत बघा: जिद्द नाही, पाया कच्चा, घरी अभ्यासाचं वातावरण नाही, गरिबी.

ट्राइसमन तेवढ्यावर थांबला नाही. त्याने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाची मुलं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात, ते त्यांच्यात राहून पाहिलं. तेव्हा ही चारही कारणं गळून पडली. नापास होणाऱ्यांत शाळेत पहिली आलेली मुलं होती. लेकरानं कॉलेजात जावं म्हणून त्यांच्या आईबापांनी कित्येक वर्षं धडपड केली होती.

मग फरक कुठे होता? ही मुलं आठवड्याला सांगितलेले आठ तास इमानदारीत अभ्यास करायची, पण जवळपास सगळी एकेकटी. गणित अडलं की वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. चिनी मुलं आधी आपापलं सोडवायची, मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायची. सगळं मिळून सुमारे १४ तास. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, की कळायचं: गणितच अवघड आहे, आपण ढ नाही.

मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. मार्कलिस्टवर फक्त आकडा दिसतो. तो विद्यार्थी वर्षभर एकटा झुंजत होता, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

१९७८ मध्ये ट्राइसमनने कार्यशाळा सुरू केली. कच्च्या मुलांचे जादा तास म्हणून नव्हे, तर हुशारांचा वर्ग म्हणून. मुद्दाम अवघड गणितं द्यायची आणि मुलांनी ती गटात सोडवायची. येणाऱ्यांचे निकाल न येणाऱ्यांपेक्षा कितीतरी चांगले लागले.

शिकवण्याच्या पद्धतीचाही यात वाटा असतोच. २०१४ मध्ये विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसतं लेक्चर असलेल्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्के. मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला, चर्चा करायला लावलं, तिथे ते २२ टक्के.

तुमच्या कॉलेजातलं लेक्चर उद्या बदलणार नाही, हे मलाही माहितीये. पण शेवटच्या बाकावरच्या दोघांना "हे तुला कळलं का रे?" असं विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांनाही कळलेलं नसेल, तर तिघं मिळून बसा.

भेटू पुढच्या भागात!