आजी हलली नव्हती

आजचा भाग एका काचेवर आहे. हो, साध्या काचेवर. हेडफोन लावा आणि जमलं तर घरातला एखादा जुना फोटो समोर घेऊन बसा.

आमच्या घरी एकच जुना फोटो आहे, १९६१चा. तलासरीजवळच्या पाड्यावर, आजीच्या माहेरच्या पडवीत काढलेला. तेव्हा आपला हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला. फोटोग्राफर डहाणूहून लाकडी कॅमेरा आणि तिपाई घेऊन आला होता. मागे कारवीचा कुड, त्यापुढे मोठी माणसं उभी, आणि खाली पुढे बसलेली नऊ-दहा वर्षांची आजी. सगळे चेहरे पुसट, त्यात आजीचा सगळ्यात जास्त. पणजोबांचा दुसरा फोटोच नाही. त्यामुळे साठ वर्षं घरात एकच वाक्य: "ही हलली, म्हणून फोटो बिघडला." आजीही तेच सांगते, हसत. पण ते हसू काही खरं वाटत नाही.

गेल्या वर्षी त्याच स्टुडिओचा कॅमेरा माझ्या हातात आला. स्टुडिओ कधीचाच बंद झालाय. हाफ प्लेट कॅमेरा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची काच-निगेटिव्ह घेणारा. पितळी पट्ट्या, चामड्याचा भाता आणि मागे तडकलेली दुधी काच. मी बीटेक, दिवसभर कोडमधले बग शोधतो. म्हटलं, काच बदलू, त्यात काय!

आता ही दुधी काच करते काय? काळ्या कापडाखाली डोकं घालून फोटोग्राफर जे बघायचा ते तिच्यावर. लेन्समधून आलेलं चित्र तिच्यावर उलटं पडतं. ते स्पष्ट दिसेपर्यंत भाता पुढेमागे करायचा, मग काच बाजूला करून तिच्या जागी प्लेट होल्डर सरकवायचा. १८३९मध्ये पॅरिसमध्ये विकायला आलेल्या दागेरच्या कॅमेऱ्यातही हीच युक्ती होती. आपल्याकडे १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यातले नावाजलेले फोटोग्राफर. तेही याच काचेवर बघायचे. अट एकच: काचेची दुधी बाजू जिथे असते, प्लेटचा लेप नेमका तिथेच यायला हवा. डोळ्याने बघितलं एकीकडे आणि फोटो निघाला दुसरीकडे, असं चालत नाही.

म्हणून दुधी बाजू नेहमी लेन्सकडे ठेवतात. मी काच काढायच्या आधी नखाने चाचपली. खरखरीत बाजू बाहेर, माझ्याकडे! कधीतरी कुणीतरी काच उलटी बसवली होती.

हिशोब केला. काच २ मिलिमीटर जाड. काचेत प्रकाश वाकतो, म्हणून चूक पूर्ण २ची नाही, साधारण १.३ मिलिमीटरची. एवढंसं? पण या लेन्सचं फोकल अंतर २१० मिलिमीटर. ३ मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर खरा फोकस जातो सव्वातीन मीटरवर. म्हणजे माणसाच्या मागे. कुडावर!

मी फोटो काढून भिंगाखाली धरला. कारवीची काठी न् काठी मोजता येत होती. मागची रांग थोडी पुसट, पुढची जास्त, आजी सगळ्यात जास्त. ती हलली असती तर तीच फक्त पुसट झाली असती. कॅमेरा हलला असता तर कुडही पुसट झाला असता. काच कधी उलटी झाली हे सांगायला कुणी उरलं नाही, पण फोटोच साक्ष देतोय.

मग त्या फोटोग्राफरला हे कळलं कसं नाही? उन्हात लेन्सचं तोंड बारीक करता येतं आणि त्यात अशी चूक लपते. एफ/३२ला ठिपका ०.०४ मिलिमीटरच पसरतो, डोळ्याला दिसतही नाही. पडवीच्या सावलीत लेन्स उघडी ठेवावी लागते. एफ/८ला तोच पसारा चौपट. उन्हात लपणारा आणि सावलीत दिसणारा बग.

आणि दोष समोरच्या माणसावरच का? त्याचंही कारण इतिहासात आहे. सुरुवातीच्या काळात एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं असायचं. लोकांच्या मानेमागे लोखंडी आधार लावायचे. तेव्हा फोटो बिघडला की बहुतेक वेळा माणूसच हललेला असायचा. पुढे प्लेटा वेगवान झाल्या, पण "तुम्ही हललात" हे वाक्य मात्र राहिलं. यंत्र बघणारा एकटाच काळ्या कापडाखाली, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं.

नवीन काच मीच केली. २ मिलिमीटरची साधी काच, वर गॅरेजमधली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, आणि दुसऱ्या काचेने गोल गोल घासत राहायचं. कोपरे कापले, कारण भाता मिटताना हवा बाहेर जायला वाट लागते. दुधी बाजू आत ठेवून बसवली. मग व्हर्नियरने चारही कोपऱ्यांत खोली मोजली, आधी काचेची, मग होल्डरमधल्या प्लेटची. डहाणूच्या खाऱ्या हवेत लाकूड वाकतंच. एका कोपऱ्यात ०.२ मिलिमीटरचा फरक निघाला. साध्या कागदाच्या दोन पट्ट्या खाली घातल्या, फरक गेला.

तपासायला टेबलावर पाच चिकू तिरके मांडले, मधल्यावर फोकस केला, होल्डरमध्ये ब्रोमाइड पेपर घातला. मधलाच चिकू स्पष्ट आला.

मग आजीला त्याच कॅमेऱ्यासमोर बसवलं. सावलीत, लेन्स उघडी ठेवून. ती श्वास रोखून बसली. म्हटलं, "आजी, श्वास घे गं. तू तेव्हाही हलली नव्हतीस." काच, कुड, सव्वातीन मीटर, सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ जुना फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "मी बाबाला सांगत होते, मी हलले नाय म्हणून."

पणजोबांचा चेहरा काही परत येणार नाही. प्लेटवर जे उतरलंच नाही, ते कुठलंच ॲप आणू शकत नाही. पण घरात ते जुनं वाक्य आता कुणी बोलत नाही.

तुमच्या घरी असा पुसट फोटो असेल तर आधी माणसांच्या मागची भिंत बघा. पुढच्या भागात भेटू!