नापास मुलाची दुर्बीण

मे महिन्यात उकाड्याने घरात झोप लागत नाही. मग जेवणं आटोपली की मी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसतो. नातू सुट्टीला आला की त्याची छोटी दुर्बीण तिवईवर चढते. डोक्यावर स्वाती, दक्षिणेकडे चित्रा. अकराच्या सुमारास पूर्वेला श्रवणाचा तारा वर येतो आणि गरुडाचा तारकासमूह दिसू लागतो. आकाशाचा हा तुकडा पाहिला की मला दरवेळी एक बंगाली गृहस्थ आठवतात, राधागोविंद चंद्र.

त्यांचा जन्म 1878 चा, यशोरजवळच्या बागचर गावचा. हा भाग आता बांगलादेशात आहे. शाळेत असताना 'चारुपाठ' या क्रमिक पुस्तकात अक्षयकुमार दत्तांचा एक धडा होता, विश्व किती अफाट आहे हे सांगणारा. धडा बाकी मुलांनीही वाचला असेल, पण या मुलाच्या डोक्यात तो कायमचा घर करून बसला. परीक्षेत मात्र त्याचा उपयोग झाला नाही. मॅट्रिकच्या तोडीच्या एन्ट्रन्स परीक्षेला ते तीनदा बसले आणि तिन्ही वेळा नापास झाले. शेवटी यशोरच्या कलेक्टर कचेरीतल्या खजिन्यात त्यांना नोकरी मिळाली. दिवसभर नाणी पारखायची आणि रात्री तारे पाहायचे, असा क्रम सुरू झाला.

1910 साली हॅलेचा धूमकेतू आला, तो त्यांनी साध्या दुर्बिणीतून पाहिला आणि टिपणं ठेवली. 1912 साली त्यांनी विलायतेहून तीन इंची दुर्बीण मागवली. कारकुनी पगारात हा केवढा खर्च, याची कल्पना माझ्या पिढीला सहज येईल.

जून 1918 मध्ये गरुडात अचानक एक नवा तारा उजळला. आधी तो दुर्बिणीशिवाय दिसणंही शक्य नव्हतं, आणि दोन-तीन दिवसांत हजारो पटींनी तेजस्वी होऊन तो व्याधाच्या पंक्तीला जाऊन बसला. याला नोव्हा म्हणतात. मृत होत आलेला एक लहानसा, अतिशय घन तारा शेजारच्या जोडीदाराचा वायू ओढून घेत असतो. तो पृष्ठभागावर पुरेसा साठला की त्याचा भडका उडतो. जगात अनेकांनी हा तारा आपापल्या परीने हेरला, त्यांत यशोरचे हे खजिन्यातले कारकूनही होते. आकाश पाठ असल्याशिवाय 'हा तारा काल इथे नव्हता' असं कोण म्हणू शकेल?

त्यांनी ही नोंद अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेकडे कळवली. तिथून त्यांना रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं अशा ताऱ्यांचे वेध घेणाऱ्या अमेरिकन हौशी संस्थेची वाट दाखवण्यात आली. काम ऐकायला सोपं आहे. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून आजचं तेज किती, ते वेळेसह लिहायचं. पण हे रोज करावं लागतं. मोठ्या वेधशाळांना तेवढी सवड नसते, आणि अमेरिकेत दिवस असतो तेव्हा रात्र असते ती आपल्याकडे. त्यामुळे या माणसाच्या नोंदींना मोल होतं. 1926 साली संस्थेने चार्ल्स एल्मर या आपल्या सभासदाची सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे पाठवली. कोणी त्यांना प्रमाणपत्र विचारलं नाही.

1919 ते 1954 या काळात त्यांनी 37 हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. मी गणिताचाही तास घेत असे, म्हणून हिशेब करून पाहिला. पस्तीस वर्षं, रोज सरासरी तीन नोंदी. बंगालातले पावसाळ्याचे ढगाळ महिने वजा केले, तर उरलेल्या रात्री किती जागल्या असतील! मधे फाळणी झाली, गाव सुटलं आणि ते पश्चिम बंगालमध्ये आले. 1975 साली ते गेले. सहा इंची दुर्बीण पुढे वेणू बापूंकडे सोपवण्यात आली आणि तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली.

आता थोडं माझ्याबद्दल. नोकरीच्या वर्षांत मी कितीतरी नावांपुढे लाल शाईने 'नापास' लिहिलं. त्यात चूक नव्हती. पेपरात नव्हतं, तर गुण कुठून देणार? चूक पुढची. तो शेरा लिहिल्यावर त्या मुलाबद्दल जाणून घेण्यासारखं आणखी काही असेल, असं माझ्या मनातही येत नसे. एक मुलगा तासाला सतत खिडकीबाहेर पाहायचा. मी त्याला बाकावर उभं करायचो. तो बाहेर काय पाहतो, हे मात्र एकदाही विचारलं नाही. तो आज कुठे आहे, मला ठाऊक नाही.

परवा नातवाने दुर्बिणीतून डोळा न काढता विचारलं, "आजोबा, हा तारा काल एवढाच होता का?" मला सांगता आलं नाही. मी त्याला वही आणि पेन्सिल आणून दिली.