शरणपूर ते मोंबासा : परत पाठवलेल्यांचा इतिहास

18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा दफनविधी झाला. शवपेटीच्या मानकऱ्यांत एक काळा तरुण होता, जेकब वेनराइट. तो शिकला होता आपल्या नाशिकला. मी मानोऱ्याचा. आमच्या शाळेत लिव्हिंग्स्टनचा धडा होता. धबधबा होता, सिंह होता, स्टॅनलेही होता. जेकब नव्हता. नाशिक तर नव्हतेच. ज्याच्या खांद्यावर ओझे, त्याचे नाव इतिहासात नसते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण येथे ओझे वाहणारा लिहितावाचता होता आणि त्याने रोजनिशी ठेवली होती. तरीही तो गळला.

हकीकत अशी. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबांची गलबते अडवून गुलाम सोडवत असे. त्यांतील पुष्कळ मुले मुंबईत उतरवली जात. यांचे करायचे काय, हा सरकारपुढे प्रश्न. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ ख्रिस्ती वसाहत वसवली होती, तिचे नाव शरणपूर. तेथे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली या मुलांना ठेवण्यात आले. सुतारकाम, लोहारकाम, छपाई, अक्षरओळख आणि बायबल. भोवतालची भाषा मराठी; मुलांना हिंदुस्तानी आणि इंग्रजीही आली. जुनी नावे गेली, साहेबांची नावे आली. कोणी प्राइस झाला, कोणी आयझेनबर्ग, कोणी वेलिंग्टन. मॅथ्यू वेलिंग्टनचे मूळचे नाव चेंगविंबे होते. नाव बदलणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मात्र 1956 साली आपल्या वाडवडिलांनी जे टाकले ते स्वतःच्या हाताने टाकले. या पोरांना कोणी विचारलेही नव्हते. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणाऱ्यांशी माझे जमत नाही.

1866 साली लिव्हिंग्स्टन शेवटच्या प्रवासाला निघाला, तेव्हा शरणपूरची नऊ मुले त्याच्याबरोबर गेली. त्यांच्याविषयी त्याने पुष्कळ कुरकुर केली आहे: आळशी आहेत, हाताला लागेल ते उचलतात. त्यांतला एडवर्ड गार्डनर मात्र अखेरपर्यंत टिकला. पुढे 1872 साली दुसरी तुकडी गेली; जेकब आणि मॅथ्यू हे तीतले. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन मेला. सोबत्यांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले, शव उन्हात सुकवले, सालीत व कापडात गुंडाळले आणि हजार मैलांवर वाट तुडवत समुद्रकाठच्या बागामोयोपर्यंत आणले. पुरताना प्रार्थना वाचली जेकबने, झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. शरणपूरच्या पाटीवर गिरवलेली ती अक्षरे.

हे वर्ष लक्षात ठेवावे. 5 जून 1873 रोजी बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांजिबारच्या सुलतानाला तह करून गुलामांचा बाजार बंद करावा लागला. हे फ्रिअर पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. आणि त्याच 1873 साली पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ निघाली. अमेरिकेतील निग्रो गुलाम मुक्त करणाऱ्यांना त्यांनी ती अर्पण केली. सातासमुद्रापारच्या गुलामाशी शूद्रातिशूद्राचे नाते जोडणारा हा पहिला मोठा मराठी ग्रंथ. 1972 साली दलित पँथरने अमेरिकेकडे पाहून नाव घेतले, तेव्हा नाते जुनेच होते. परंतु आफ्रिका अमेरिकेहूनही जवळ होती. पुण्याहून दोनशे किलोमीटरवर, गोदाकाठी, रंधा मारत बसली होती. आपल्या विचारपरंपरेने तिच्याकडे पाठ फिरवली आहे, असे मला वाटते.

आता परतण्याची गोष्ट. 1864 सालीच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे मोंबासाजवळ रबईला धर्मकार्यासाठी गेले होते. 1874च्या अखेरीस प्राइस स्वतः मोंबासाला पोहोचले, समोरच्या किनाऱ्यावर जमीन घेऊन फ्रिअरटाउन वसवले, आणि शरणपूर-मुंबईकडची सुमारे दीडशे माणसे तेथे गेली. मिशनची समजूत अशी की ही मुले घरी चालली. कोणत्या घरी? त्यांतील पुष्कळांचा जन्म न्यासा सरोवराच्या बाजूचा, शेकडो मैल आत. मोंबासाची स्वाहिली त्यांना नव्याने शिकावी लागली. तिथल्या लोकांनी त्यांना आपले मानले नाही, ‘बाँबे आफ्रिकन’ हेच नाव चिकटले. आमच्या तालुक्यात पोहरादेवी आहे. रामनवमीला बंजारा समाज कुठकुठल्या प्रांतांतून तेथे येतो. बहुतेकांचा जन्म तेथला नसतो, पण ते ठिकाण त्यांनी स्वतः आपले ठरवलेले आहे. फ्रिअरटाउन दुसऱ्यांनी ठरवले होते.

आणखी एक बोचणारी गोष्ट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ही इंग्रजी बोलणारी, सदरा-पाटलोण घालणारी मंडळी नव्याने सुटून आलेल्या गुलामांना अडाणी समजत. एक गलबत आधी सुटलेला नंतर सुटलेल्याला खालचा मानू लागला. आपल्यातला बाबू वस्तीकडे ज्या डोळ्यांनी पाहतो ते डोळे इथलेच आहेत, असे नाही. उलट बाजूने गोऱ्या मिशनऱ्यांनी याच शिकलेल्यांना बरोबरीचा पगार आणि मान दिला नाही. वसाहतीत गुलामीतून सुटलेल्यांच्या पाठीवर फटके उठले आणि 1881 साली त्याची चौकशी झाली.

या सगळ्यांत विल्यम जोन्स मला मोठा वाटतो. शिक्षणाने लोहार. 1885 साली बिशप हॅनिंग्टनने त्याला व सेमलरला डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशप मारला गेला, तेव्हा मागे राहिलेला तांडा जोन्सने सांभाळून रबईला परत आणला. पुढे किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबईला येत राहिले. मालकांशी भांडण नको म्हणून त्यांना ठेवून घेऊ नये, असे मिशनचे धोरण. जोन्सने त्यांना ठेवून घेतले. 1888 साली गणती झाली तेव्हा ते हजारावर निघाले. अखेर ब्रिटिश कंपनीला पैसे मोजावे लागले आणि 1 जानेवारी 1889 रोजी सुमारे 1400 जणांना मुक्ततेचे दाखले मिळाले. (ही तारीख आपल्याला कोरेगावमुळे ठाऊक आहे.) भरपाई मालकांना मिळाली, राबणाऱ्याला नाही. जगात सगळीकडे हिशेब असाच होतो.

जेकब 1892 साली टांझानियातल्या उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासात जगला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा केली. गुलामांच्या गलबतांची वर्दी देणारी फ्रिअरटाउनची घंटा अजून उभी आहे, त्या भागालाच केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. नाशिकमध्ये शरणपूर रोड आहे. दुकाने आहेत, दवाखाने आहेत, रहदारी मोठी आहे. जेकबच्या नावाचा फलक तेथे लावावा, अशी माझी मागणी आहे, आणि फलकावर मॅथ्यूचे नाव लिहिताना चेंगविंबे हे आधी लिहावे.